दुपारचा रंधा

मी नाकावर राग घेऊनच जन्माला आले, असं आमच्या भांडुपच्या चाळीत म्हणायचे. मुलुंडला मिठागर रोडवर सोसायटीत राहायला आलो तरी फरक पडला नाही. पाण्याच्या टाकीवरून मी सेक्रेटरीला असं काही फैलावर घेतलं होतं की तो बिचारा आमच्या मजल्यावरून उतरताना आधी कानोसा घ्यायचा. हल्ली तोच सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटला की विचारतो, परबबाई, तब्येत बरी आहे ना, आवाज ऐकू येत नाही. मी म्हणते बरी आहे. आता ह्याला काय सांगू. राग येत नाही मला. रडूही येत नाही. भाजी करपली तर करपली, कामवाली आली नाही तर नाही आली. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसं माझं आतून झालंय. कधी सुरू झालं ते सांगता यायचं नाही. ह्यांच्या दुखण्याबरोबर झालं असणार, दुसरं काय.

हे म्हणजे माझे यजमान, चंद्रप्रकाश परब. विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासण्यात उभा जन्म गेला आणि जीव लावला तो लाकडाला. सुतार नव्हेत हो. सासरे गिरणीत साच्यावर होते, त्यांच्या आधीचे गावी शेती करायचे. सगळ्या खानदानात कुणी करवत हातात धरलेली नाही. ह्यांची आपली हौस.

ती हौससुद्धा माझ्या तोंडामुळे लागली. ह्या घरात आलो तेव्हा कपाट करून घ्यायला एक सुतार ठेवला होता. तो अर्धं कपाट उभं करून गावी गेला, तो गेलाच. मी बिनदाराच्या कपाटाकडे बघत रोज त्याच्या नावाने शंख करायचे, आणि तो काही ऐकायला नव्हता, ऐकायचे हेच. शेवटी एका रविवारी हे नागदेवीच्या हत्यारबाजारात जाऊन एक पटाशी आणि एक करवत घेऊन आले आणि बाल्कनीत मांडी ठोकून बसले. दार झालं, पण तिरकं झालं. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, आता भिंतच वाकडी आहे म्हणा. ह्यांनी ते दार उतरवलं, पुन्हा केलं, पुन्हा उतरवलं. शेवटी जे बसवलं ते आजही आवाज न करता लागतं. तिथून वेडच लागलं. जेवायचं टेबल, देव्हारा, चपलांचं कपाट, आमच्या लेकीचा, श्रुतिकाचा अभ्यासाचा डेस्क, घरातलं सगळं ह्यांच्या हातचं. एकात खिळा नाही. लाकडात लाकूड अडकवायचं, एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत, आणि ते इतकं घट्ट की कागद जाणार नाही.

लाकूड आणायला रे रोडच्या वखारीत जायचे. पण खरा जीव हत्यारं निवडण्यात. मी एकदा हौसेने बरोबर गेले होते, परत नाव काढलं नाही. दुकानदाराला रंध्यांचं अख्खं खोकं उतरवायला लावलं. एकेक रंधा उलटा धरायचा, त्याच्या तळावर पट्टी उभी ठेवायची आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघायचं. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की रंधा बाद. पटाशी घेतली की तिची पाठ बघायची, मूठ तळव्यात फिरवून बघायची, नखावर टेकवून बघायची. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला की साहेब, हत्यार घ्यायला आलात की सून बघायला. मी म्हटलं, मला बघायला आले होते तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिला होता ह्यांनी, तुमचं नशीब थोर. त्या दिवशी एक पटाशी घेऊन आम्ही घरी आलो, आणि माझे पाय सुजले.

ह्या सगळ्यांत लाडका एक शिसवी रंधा. चोर बाजारातल्या भंगारातून उचललेला, काळा, जड, मध्ये पाचर मारून पातं बसवलेला. त्याच्या तळावर हे किती रविवार घासत बसले होते देव जाणे. त्याच्याखालून ढलपी निघायची ती इतकी पातळ की श्रुतिका लहानपणी ती डोळ्यांवर धरून बल्बकडे बघायची.

आणि मग हा पार्किन्सन्स आला. आधी उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग हात. बशीत कप वाजायला लागला. हे चालता चालता दारात अडकायचे, पाऊल उचलायचंच नाही. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगितलं, गोळ्या दिल्या, म्हणाले हे असंच हळूहळू. मी मान डोलावली. घरी येऊन भात लावला. नेहमीची मी असते तर डॉक्टरशी भांडले असते, देवाशी भांडले असते. काही नाही. गोळ्यांच्या वेळा पाठ केल्या आणि कामाला लागले.

एक गोष्ट मात्र मी बघितली होती. एका दुपारी चहा घेऊन बाल्कनीत गेले. हे माझ्यासाठी एक खुर्ची करत होते, पाठीला टेकू मिळेल अशी, कारण माझी कंबर गेलीय. त्या खुर्चीच्या पाठीची फळी समोर, त्यावर शिसवी रंधा, आणि हात थांबलेला. खरंच थांबलेला. जो हात पाच मिनिटांपूर्वी आमटीची वाटी लवंडत होता, तो रंध्यावर पडला की पहिल्यासारखा. रंधा पुढे जायचा, ढलपी वर यायची, रंधा मागे. उचलून बाजूला ठेवला की हात पुन्हा सुरू. मी तिथे चहावर साय येईपर्यंत उभी होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. श्रुतिकाला नाही, डॉक्टरांना नाही, ह्यांनाही नाही. चांगलं चाललेलं बोलून दाखवलं की दृष्ट लागते, हे आमच्या आयेने दुधाबरोबर पाजलंय. पोर शिकवून मोठी केली, मोबाइलवर वीजबिल भरते, पण ह्या बाबतीत मी ठार अडाणी. म्हटलं, एवढं एक राहिलंय ना, त्याला शब्द नको लावूया.

पण दुपारी माझं झोपणं त्यावर ठरायला लागलं. जेवणं, भांडी आटपून मी आतल्या खोलीत आडवी व्हायचे. बाल्कनीतून सर्र, सर्र आवाज यायचा. तो येतोय म्हणजे ह्यांचा हात थांबलाय, म्हणजे तेवढा वेळ मला काही बघायचं नाही. चोवीस तासांत माझी खरी झोप तेवढीच. रात्री हे दहादा उठतात, मी दहादा उठते.

श्रावणात पटाशी घसरली. डाव्या हाताच्या अंगठ्याजवळ आत शिरली. हे ओरडलेसुद्धा नाहीत, नुसतं वनमाला म्हणून हाक मारली. मी गेले, रक्त बघितलं, नॅपकिन गुंडाळला, आणि मनात काय आलं सांगू, गॅसवर दूध ठेवलंय. रिक्षात बसेपर्यंत मी त्या दुधाचाच विचार करत होते. टाके पडले. श्रुतिका दहिसरहून धावत आली. स्वभावाने ती थेट माझ्यावर गेलीय. म्हणाली, आई, तू बघत बसलीस आणि पप्पा त्या हाताने पटाशी चालवतायत. सगळी हत्यारं आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजेत. मी म्हटलं बरं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पटाश्या कुठे लपवल्या ते आम्हाला सापडेना. एक गादीखाली मिळाली. बाकीच्यांचा पत्ता नाही.

टाके निघेपर्यंत बाल्कनी गप्प होती. त्या दिवसांत मला दुपारी झोप म्हणून आली नाही. पडायचे आणि उठून बसायचे. नंतर एका दुपारी पुन्हा सर्र सर्र सुरू झालं. मी जाऊन ह्यांना सांगितलं, पटाशी नाही, करवत नाही, फक्त रंधा. हे हो म्हणाले. मी आत येऊन मेल्यासारखी झोपले.

श्रुतिकाने मात्र सोडलं नाही. तिच्या ऑफिसातल्या कुणाच्या ओळखीने तिने घाटकोपरचा एक माणूस शोधला. धम्मपाल जाधव नावाचा, पॉलिटेक्निकला शिकवतो, ह्यांच्यासारखीच लाकडाची हौस. त्याला जुनी चांगली हत्यारं हवी होती. प्रश्न एवढाच होता की हत्यारं एका जागी यायची कशी. हे काही बाहेर काढून देणार नव्हते. तेव्हा श्रुतिकाला सुचलं, खंडेनवमी.

आमच्याकडे दसऱ्यापेक्षा खंडेनवमी मोठी. सासरे घरातला हातोडा, पाना, कोयता, विळी, सगळं त्या दिवशी मांडायचे आणि पुजायचे. हे एरवी देवाला हात जोडतील तर शपथ, पण खंडेनवमीला चुकणार नाहीत. सकाळी सगळी हत्यारं, अगदी लपवलेली, मोडकी, गंजकी, एकूण एक बाहेर काढायची. पुसायची, तेलाचा हात द्यायचा, हॉलमध्ये चौरंगावर लाल कापड घालून ओळीने मांडायची. मी झेंडू वाहायची, कुंकू लावायची. ओलं कुंकू लावू नकोस, पोलाद गंजतं, म्हणून दरवर्षी आमचं वाजायचं. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी हत्याराला बोट लावायचं नाही. हत्याराला वर्षातली एक सुट्टी, असं सासरे म्हणायचे. श्रुतिकाचा डाव असा की त्याच संध्याकाळी हे गोळी घेऊन झोपले की धम्मपालने यायचं आणि सगळं उचलायचं. पप्पा उद्या चिडतील, परवा विसरतील, म्हणाली.

मला तो हात आठवला. थांबलेला. सांगावं असं ओठांपर्यंत आलं. हत्यारं गेली की तो हात आता कधीच थांबणार नाही, एवढं मला कळत होतं, मी काही दूधखुळी नाही. पण तोंडातून निघालं ते एवढंच, बरं, कर तुला हवं तसं. हल्ली मी सगळ्याला बरं म्हणते.

नवमीला सकाळी ह्यांनी मांडायला सुरुवात केली ती दुपारपर्यंत. पटाश्या पाण्याच्या बादलीमागच्या कप्प्यातून निघाल्या. हात हलत होता, पण प्रत्येक वस्तू जागेवर गेली, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी झेंडू वाहिले. कुंकू कोरडं लावलं. हे म्हणाले, आज भांडली नाहीस. मी म्हटलं, भांडून काय होतंय. हे माझ्याकडे जरा बघत राहिले आणि मग आरती म्हणायला लागले.

संध्याकाळची गोळी घेऊन हे झोपले आणि श्रुतिकाने फोन केला. धम्मपाल खालीच होता. चाळिशीचा, चष्म्याचा, दोन जाड पिशव्या घेऊन आला. चपला बाहेर काढल्या, चौरंगाला हात जोडले. श्रुतिकाने त्याला सांगून ठेवलं होतं की पप्पांनी आपणहून द्यायचं ठरवलंय, फक्त तब्येतीमुळे समोर येणार नाहीत. तो दबक्या आवाजात म्हणाला, काकू, केवढी जपलीयत ही. श्रुतिका म्हणाली, चला, भरायला घेऊ.

तिने पहिली पटाशी उचलायला हात पुढे केला आणि मी तो धरला. म्हटलं, थांब, पूजा मांडलेली आहे. ती म्हणाली, आई, ही हत्यारं आहेत, गणपती नाहीत. मी म्हटलं, मांडलेलं असं उचलत नाहीत, आधी उत्तरपूजा करू दे. बघा, नवऱ्याच्या पाठीमागे त्याचा जीव घराबाहेर काढायला निघाले होते, ते मला चाललं. पण उत्तरपूजा न करता मांडलेलं उचलायचं, ते काही माझ्याच्याने होईना. देव्हाऱ्यातून अक्षता आणल्या. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि रीतीप्रमाणे एकेक हत्यार जागेवरून जरासं सरकवलं. शेवटी शिसवी रंधा सरकवला आणि वर बघितलं तर खोलीच्या दारात हे उभे.

झोपेतून उठलेले, केस विस्कटलेले, हात हलतोय. त्यांनी धम्मपालकडे बघितलं नाही. पिशव्यांकडे बघितलं नाही. चौरंगावरच्या अक्षतांकडे बघितलं.

"दसरा उद्या आहे ना?" ह्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं हो. पुढे कुणी काही सांगायची गरज नव्हती. ज्या घरात जन्मभर दसऱ्याला उत्तरपूजा झाली त्या घरात नवमीला अक्षता पडल्या, म्हणजे काय ते ह्यांना कळलं. धम्मपाल उठून उभाच राहिला. त्याने एकदा ह्यांच्याकडे, एकदा श्रुतिकाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणाला, काकांना माहीत नव्हतं का, मी निघतो. तो खरंच निघाला होता. ह्यांनीच त्याला बसवलं. दारातून चौरंगापर्यंत यायला ह्यांना वेळ लागला, पाऊल उचलेना. आम्ही तिघं बघत उभे. श्रुतिका पुढे झाली तर हाताने नको म्हणाले.

बसल्यावर ह्यांनी धम्मपालला विचारलं, काय काय करतोस. तो बिचारा शाळकरी पोरासारखा सांगायला लागला. मुलीसाठी डेस्क केलाय, पण खणाचे सांधे सैल झाले. ह्यांनी विचारलं, पटाशी कुठली वापरलीस, धार कशावर लावलीस, आणि मग म्हणाले, तळवा दाखव. तळवा बघून त्याला दोन पटाश्या काढून दिल्या, म्हणाले ह्या तुझ्या हाताला बसतील, ती रुंद मात्र तुला जड जाईल, सवय कर. मला वाटलं, आता हे चिडतील, आता ओरडतील. पण हे नागदेवीच्या दुकानात बसल्यासारखे बोलत होते. मग धम्मपालने शिसवी रंधा उचलला. उलटा केला, एक डोळा मिटला, दिव्याच्या उजेडाकडे तळ धरून बघितला. हे गालात हसले.

तेव्हा माझी जीभ कुठून सुटली कोण जाणे. मी म्हटलं, तो नाही द्यायचा.

श्रुतिका म्हणाली, आई, आता परत सुरू करू नकोस. मी म्हटलं, तुला माहीत नाही. रंधा हातात असला की पप्पांचा हात थांबतो. अजिबात हलत नाही. मी बघितलंय. आजवर बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. दाखवा हो हिला.

हे म्हणाले, नको. मी म्हटलं, उत्तरपूजा झालीय, आता हात लावला तर चालतो. हे पुन्हा नको म्हणाले. पण मला आता ऐकायचंच नव्हतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणत मी बाल्कनीत गेले, खुर्चीच्या पाठीची फळी आणून ह्यांच्या समोर ठेवली आणि धम्मपालच्या हातातून रंधा घेऊन ह्यांच्या हातात दिला.

धम्मपाल वाकून बघत होता. म्हणाला, काका, पातं सगळं आत ओढलंय, असं कसं कापेल. ह्यांनी हातोडीने हळूहळू ठोकून पातं खाली आणलं. ते ठोकतानाच हातोडी दोनदा बाजूला पडली. मग रंधा फळीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला आणि पुढे ढकलला.

हात थांबला नाही. हाताबरोबर रंधाच हलायला लागला. फळीवर खडखड वाजला, एका जागी रुतला आणि लाकडाचा एक तुकडा उचकटून वर आला. ह्यांनी मागे घेतला, अंगाचं वजन टाकून पुन्हा ढकलला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ढकलायच्या आधी मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हात माझ्या हाताखाली हलत होता.

मी विचारलं, "कधीपासून?"

"टाके काढले तेव्हापासून."

"मग रोज दुपारी काय करत होता?"

हे माझ्याकडे बघेनात. फळीवर उचकटलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होते.

"पातं आत ओढून नुसता फिरवायचो," म्हणाले. "आवाज नसला की तू झोपत नव्हतीस. उठून बसायचीस. मला बाल्कनीतून दिसायचं."

मला आठवलं, टाके काढल्यापासून बाल्कनी झाडायला ढलप्याच नव्हत्या. रोज फळीवर रंधा चालतोय आणि खाली ढलपी नाही, आणि मी आपली खूश, काम वाचलं म्हणून. ती फळीसुद्धा श्रावणात होती तेवढीच जाड. मी दृष्ट लागेल म्हणून गप्प, हे मला झोप लागावी म्हणून गप्प. एका घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. दुखलं. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी दुखलं.

श्रुतिका सोफ्यावर बसून रडायला लागली. धम्मपाल म्हणाला, काका, मी काही नेत नाही. हे म्हणाले, ने. घरात ठेवून गंजवू का. आणि स्वतः एकेक हत्यार तेलाच्या फडक्यात गुंडाळायला बसले. त्याला सांगत होते, घरी गेल्यावर आज कुंकू पुसून काढ, उद्यावर टाकू नकोस. धार लावायचे दगड दिले, करवती दिल्या. एकेक पिशवीत जात होतं आणि मी उभी होते.

शिसवी रंधा राहिला. ह्यांनी तो गुंडाळायला घेतला तेव्हा मी म्हटलं, "तो राहू दे."

श्रुतिकाने डोळे पुसले. म्हणाली, आई, आत्ता बघितलंस ना. मी म्हटलं, बघितलं. पातं घेऊन जा, रंधा राहू दे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पाचर ठोकून सैल केली, पातं ओढून काढलं आणि श्रुतिकाच्या हातात दिलं. तिने ते पेपरात गुंडाळून पर्समध्ये टाकलं, दहिसरला नेलं. धम्मपाल निघताना माझ्या पाया पडला. मी त्याला काय आशीर्वाद दिला ते मला आठवत नाही.

दसऱ्याच्या दुपारी श्रीखंड-पुरी झाली, भांडी झाली, मी आडवी झाले. आणि बाल्कनीतून आवाज सुरू झाला. सर्र, सर्र. मी मागून घेतला होता, मिळाला. वाटलं होतं, नुसता आवाज असला तरी पुरे, झोप लागेल. पण आता मी ऐकत होते. मधेच रंधा फळीच्या कडेवर आपटतो, टक्क करून, तो आवाज आधी कधी ऐकू आला नव्हता. मग जरा थांबणं, दम घेणं, आणि पुन्हा सर्र. आजारी माणूस, घामाघूम होऊन, पातं नसलेला रंधा लाकडावरून ढकलतोय, बायकोचा डोळा लागावा म्हणून. मला छताकडे बघवेना. उठून जाऊन बस्स करा म्हणावं, तर त्यांच्या हाताला दुसरं करायला काय आहे. आणि मागितला कुणी, मीच ना.

मग मी घोरायला लागले.

चाळीस वर्षं हे सांगतायत, वनमाला, तू घोरतेस, आणि चाळीस वर्षं मी भांडतेय की मी घोरत नाही. त्या दुपारी मी भिंतीकडे तोंड केलं आणि चांगली मोठ्याने घोरायला लागले. बाल्कनीत रंधा आणखी दोनदा गेला, मग थांबला. हळूच खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि ह्यांनी खुर्ची ओढून बसल्याचा.

आता रोज तसंच चालतं. आवाज सुरू झाला की मी फार वेळ लावत नाही. डोक्याखाली उशी घ्यायची आणि घोरायला सुरुवात करायची. मग हे थांबतात, दम घेत बसतात, आणि मी डोळे उघडे ठेवून, चहाची वेळ होईपर्यंत घोरत राहते.